पाठवाऱ्याला वळताना विमान का पडतं, आणि त्यावर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिमोटवर उडणारा, १.२ मीटर पंखांचा, ९०० ग्रॅम वजनाचा, वरच्या पंखाचा फोमचा ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, आहे. दोन महिन्यांत शांत हवेत टेक-ऑफ, चौकोनी फेरी, लँडिंग असं सगळं जमायला लागलं. मग वारा असलेल्या दिवशी उडवलं. वाऱ्यासमोर जाताना ठीक होतं, पण वळून वाऱ्याबरोबर यायला लागलं तसं वाऱ्याने मागून ढकललं आणि विमान एका पंखावर कोसळलं. पुढच्या वेळीही तेच. तर आता जायरो (विमानाचे हेलकावे आपोआप सावरणारं उपकरण) बसवावा, जड विमान घ्यावं, की वाऱ्यात उडवायचंच नाही?

यातलं काहीच लगेच करू नका. दोन्ही वेळा विमान वाऱ्याने पडलेलं नाही. वळताना तुम्ही थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी केलं आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) ओढला, म्हणून ते स्टॉल झालं, म्हणजे पंखाला उचल मिळेनाशी झाली. मी तिथे नव्हतो, तरी हे खात्रीने सांगतोय, कारण वाऱ्यात नव्याने उडवणारा जवळजवळ प्रत्येक जण नेमकं हेच करतो. शिकवताना दोन ट्रान्समीटर (हातातले रिमोट) जोडून मी शेजारी उभा असतो, तेव्हा विमान वाऱ्याबरोबर वळायला लागलं की माझी नजर विमानावर कमी आणि शिकणाऱ्याच्या हातांवर जास्त असते. डावा अंगठा थ्रॉटलची स्टिक एक-दोन खाचा खाली आणतो. उजवा अंगठा एलेव्हेटर हळूहळू पोटाकडे ओढत जातो, नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत. नंतर विचारलं तर ‘मी काहीच केलं नाही, विमानच वेडंवाकडं गेलं’ असं उत्तर येतं. तो खोटं बोलत नसतो. डोळ्यांना विमान अंगावर धावून येताना दिसतं आणि हात परस्पर ब्रेक लावतात.

याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. विमान हवेत उडतं आणि हवा जमिनीवरून सरकते. पंखाला कळतो तो फक्त हवेतला वेग. तुम्ही जमिनीवर उभे असता, त्यामुळे तुम्हाला दिसतो तो जमिनीवरचा वेग. शांत हवेत हे दोन्ही सारखेच असतात, म्हणून दोन महिने तुमचं काही अडलं नाही. आता समजा तुमचं विमान हवेत तासाला ४५ किलोमीटरने उडतंय आणि वारा २० चा आहे. वाऱ्यासमोर ते तुम्हाला २५ च्या वेगाने, अगदी रमतगमत जाताना दिसेल. वळलं की तेच ६५ ने जाताना दिसेल. पंखाच्या दृष्टीने मात्र या वळणात काहीच बदललेलं नाही. तिथे आधीही ४५ होते, आताही ४५ च आहेत.

तुमच्या विमानाचे आकडे मांडून बघू. एवढ्या वजनाचं आणि एवढ्या पंखाचं विमान सरळ उडताना साधारण २७ च्या आसपास स्टॉल होतं. पण वळणात पंखावरचा भार वाढतो आणि स्टॉलचा वेगही वर सरकतो. पंख ४५ अंश कलला असताना उंची टिकवून वळायचं तर तो १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ३२ होतो. ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी वाढून ३८ होतो. आता विमान ६५ ने धावताना दिसतंय म्हणून तुम्ही थ्रॉटल कमी केलं. हवेतला वेग ४५ वरून ३६ वर आला. वाऱ्यात विमान लांब जातंय या धास्तीने वळणही नेहमीपेक्षा तिरपं घेतलंय, आणि वर एलेव्हेटर ओढून धरलाय. ३६ हा ३८ पेक्षा कमी आहे, त्यामुळे आतला पंख उचल सोडून देतो आणि विमान त्या बाजूला गिरकी घेत खाली येतं. खालून बघणाऱ्याला वाऱ्याने उचलून आपटल्यासारखंच वाटतं.

या दोन वेगांमधला फरक समजावताना मला नेहमी १७ डिसेंबर १९०३ ची आठवण होते. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं होतं आणि त्यात विमान फक्त १२० फूट, म्हणजे ३७ मीटरच्या आसपास गेलं. जमिनीवरचा वेग तासाला जेमतेम ११ किलोमीटर, शेजारून माणूस सहज धावू शकेल इतका. पण समोरून ३८ पेक्षा जास्त वेगाचा वारा येत होता, त्यामुळे पंखांना मिळत होते ४९ च्या वर. ऑरव्हिल राइट यांनी स्वतःच्या वर्णनात दोन्ही वेग वेगवेगळे मांडलेत. त्या माणसांना हा हिशेब पहिल्या दिवसापासून स्वच्छ होता.

हाच प्रयोग तुम्ही तुमच्या विमानावर करून बघा, शंभर स्पष्टीकरणांपेक्षा त्याचा उपयोग होईल. स्थिर वारा असलेल्या दिवशी चाळीस-पन्नास मीटर उंचीवर विमान सरळ वाऱ्यासमोर धरा आणि थ्रॉटल थोडं थोडं कमी करत जा. हवेतला वेग तीसच्या आसपास आला की जमिनीच्या संदर्भात ते जवळजवळ उभं राहिल्यासारखं दिसतं. नाक थोडं वर, शेपूट किंचित खाली, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलंडवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) दिले तरी उत्तर सावकाश येतंय. ही ढिली पडलेली चाल नीट बघून ठेवा. विमान हवेत हळू झालं की असंच वागतं, मग जमिनीवरून ते कितीही वेगात जाताना दिसो. आता थ्रॉटल परत दोन तृतीयांशावर न्या, वेग येऊ द्या आणि रुंद, उथळ वळण घेऊन वाऱ्याबरोबर या. अट एकच आहे: वळण संपेपर्यंत डावा अंगठा हलवायचा नाही. मोटरचा आवाज ऐकत राहा. आवाज तोच असेल आणि नाक क्षितिजाशी त्याच कोनात असेल, तर हवेतला वेगही तोच आहे. पहिल्या दोन-तीन वळणांत पोटात गोळा येईल. त्यानंतर हात गप्प राहायला शिकतात.

वाऱ्यात सगळ्यात जास्त विमानं हरवतात ती वाहून जाऊन, आणि त्याचंही गणित सोपं आहे. मघाच्याच आकड्यांत, वाऱ्याबरोबर १० सेकंद गेलं की विमान १८० मीटर लांब पोचतं. तेवढंच परत यायला २६ सेकंद लागतात. नुसतं एक वळण ८ सेकंदांचं असेल तर तेवढ्यात हवा त्याला ४० मीटरच्या वर सरकवते. शांत हवेत तुम्ही डोक्यावर गोल घेता आणि ते डोक्यावरच राहतं. वाऱ्यात प्रत्येक गोल वाऱ्याच्या दिशेने सरकत जातो आणि चौथ्या गोलाला विमान ठिपका झालेलं असतं, त्याचं नाक कुठे आणि शेपूट कुठे हेही दिसत नाही.

म्हणून वाऱ्यात कायम स्वतःच्या वरच्या अंगाला उडवायचं, म्हणजे जिकडून वारा येतो त्या बाजूला. विमान तुम्हाला ओलांडून मागे जाता कामा नये. सुरुवातीचे काही दिवस तर मी पाठवाऱ्याची फेरीच घेऊ देत नाही. त्याऐवजी आडवा आठ काढायला लावतो: वाऱ्याला आडवं डावीकडे जायचं, वाऱ्याकडे तोंड करून वळायचं, आडवं उजवीकडे यायचं, पुन्हा वाऱ्याकडेच तोंड करून वळायचं. दोन्ही टोकांची वळणं वाऱ्यासमोरून घेतल्यामुळे विमान कधी वाऱ्याबरोबर धावतच नाही. आडवं जाताना नाक थोडं वाऱ्याकडे रोखून ठेवावं लागतं, नाहीतर सरळ रेघ तिरकी होते. नाक एकीकडे आणि विमान चाललंय दुसरीकडे, हे दृश्य आधी विचित्र वाटतं, पण ते बरोबर आहे. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी झडप) देऊन नाक रेघेत आणायचा प्रयत्न करू नका.

तरीही कधीतरी विमान वाऱ्याबरोबर लांब वाहत जाणारच. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरलेलं असू द्या, कारण त्या क्षणी सुचत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझं एक हलकं मोटर ग्लायडर असं गेलं होतं. ते लांब जातंय असं दिसल्यावर मी घाबरून उंची घेत राहिलो. उंच असलं की सुरक्षित, अशी माझी समजूत. पण जितकं वर जावं तितका वारा जोराचा, आणि एलेव्हेटर ओढून धरल्यामुळे विमानाचा वेग आणखी कमी. म्हणजे ते सुटून जावं यासाठी जे जे करता येईल ते सगळं मीच करत होतो. शेवटी ते झाडांच्या रांगेमागे दिसेनासं झालं आणि परत सापडलं नाही. करायला हवं होतं बरोबर उलट: पंख सरळ, नाक तुमच्याकडे, थ्रॉटल पूर्ण आणि एलेव्हेटर किंचित पुढे. उंची वेगात बदला आणि खाली या. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे खालचा वारा वरच्यापेक्षा मंद असतो, त्यामुळे खालून येणारं विमान लवकर पोचतं. मात्र वाटेतल्या झाडांच्या आणि माणसांच्या वरूनच. ते तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटत असेल, तर जो पंख खाली पडलेला दिसतोय त्या बाजूला स्टिक न्या, पडणाऱ्या पंखाला टेकू दिल्यासारखी. एवढं पुरतं.

ट्रिमबद्दल, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सपाट उडावं म्हणून करायच्या बारीक जुळणीबद्दल, एक सांगतो. तुमच्या ट्रेनरसारखे, खालून सपाट असलेले पंख थ्रॉटल वाढवलं की पुढे जाण्यापेक्षा वर चढायलाच बघतात. शांत हवेत अर्ध्या थ्रॉटलला सपाट उडेल असं ट्रिम केलेलं असतं. तेच विमान वाऱ्यात पूर्ण थ्रॉटलला नेलं की नाक वर करतं आणि वाऱ्यासमोर जागच्या जागी उंच होत जातं. म्हणून वाऱ्याच्या दिवशी ते दोन तृतीयांश थ्रॉटलला सपाट उडेल इतका एलेव्हेटर ट्रिम खाली घ्या, आणि ही जुळणी विमान वाऱ्याला आडवं जात असताना करा. वाऱ्यासमोर जाताना ट्रिम लावू नका. तेव्हा चढण आहे त्यापेक्षा जास्त तिरपी दिसते, कारण विमान पुढे कमी सरकतं. तुम्ही ट्रिम खाली-खाली घेत जाता आणि वाऱ्याबरोबर वळल्यावर विमान नाक घालून खाली निघतं. गुरुत्वमध्य (विमान जिथे तोललं जातं ती जागा) उत्पादकाने दिलेल्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला ठेवा. शेपूट जड असलेलं विमान शांत हवेत कसंबसं सांभाळता येतं, वाऱ्याच्या झोतात नाही. आणि बॅटरीचा टायमर नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं कमी लावा. थ्रॉटल सतत वर असतं, आणि लँडिंग फसलं तर पुन्हा फेरी मारायला शिल्लक लागते.

आता कुठल्या वाऱ्यात उडवायचं. मी शिकणाऱ्यांना सांगतो की वारा विमानाच्या नेहमीच्या वेगाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि पुरता हात बसल्यावरही निम्म्याच्या वर नको. तुमच्या विमानाला म्हणजे आधी १५ पर्यंत, नंतर २०-२२. मोजायचं यंत्र नसेल तर झाडं बघा. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची जी मोजपट्टी तयार केली, तिला पुढे जमिनीवरची लक्षणं जोडली गेली आणि ती आजही उपयोगी पडतात. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, हलका झेंडा पसरलाय: १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले, लहान फांद्या हलतायत: २० ते २८. झेंडा पसरलाय इथपर्यंत शिका. धूळ उठली की विमान गाडीत ठेवा. यंत्र असलं तरी तुम्ही डोक्याच्या उंचीवर मोजताय आणि विमान त्याहून जोराच्या वाऱ्यात असणार, हे लक्षात राहू द्या.

पण आकड्यापेक्षा वाऱ्याचा स्वभाव मी जास्त बघतो. एकसारखा वाहणारा १८ चा वारा मला चालतो. ८ वरून अचानक २० वर जाणारा, मध्येच पडणारा वारा नको वाटतो. आधी सांगितलं की स्थिर वाऱ्यात पंखाला काही कळत नाही, ते स्थिर वाऱ्यापुरतंच खरं आहे. झोत आला किंवा गेला की हवेतला वेग त्या क्षणापुरता खरोखर बदलतो. समोरचा झोत एकदम थांबला तर दहाएक किलोमीटर वेग क्षणात जातो, आणि तुम्ही आधीच हळू असाल तर सावरायला काही उरत नाही. शिवाय वारा कशावरून येतोय तेही बघा. झाडांच्या रांगेमागे किंवा इमारतीमागे हवा घुसळलेली असते आणि ती खळबळ अडथळ्याच्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत पोचते. दहा मीटरच्या झाडांमागे शंभर-दोनशे मीटर. झाडांच्या आडोशाला वारा कमी लागतो म्हणून लोक तिथे जाऊन उभे राहतात आणि नेमके लँडिंगला विमान त्या खळबळीत उतरवतात. वाऱ्याकडून मोकळं असलेलं मैदान शोधा, आणि वारा जिकडे जातो त्या बाजूला माणसं, रस्ता, घरं नसतील असंच शोधा.

टेक-ऑफ त्या मानाने सोपं. नाक वाऱ्यात, थ्रॉटल पूर्ण. हाताने सोडत असाल तर सपाट सोडा, नाक वर करून फेकू नका. आणि निदान वीसेक मीटर उंची होईपर्यंत वळू नका.

लँडिंगवर मात्र वेळ घालवा. उतरताना विमान वरच्या जोराच्या वाऱ्यातून खालच्या मंद वाऱ्यात येतं. समोरचा वारा शेवटच्या काही मीटरांत कमी होतो, म्हणजे तुम्ही काहीही न करता हवेतला वेग घटतो आणि विमान एकदम बसल्यासारखं खचतं. हात आपोआप एलेव्हेटर ओढतो. तिथे ओढायचं नाही, थ्रॉटल द्यायचं. वाऱ्यात मी थ्रॉटल बंद करून घसरत कधीच येत नाही. एक चतुर्थांश ते एक तृतीयांश थ्रॉटल चालू ठेवून, नाक थोडं खाली ठेवून विमान अक्षरशः खाली उडवत आणतो. जमीन वीतभर राहिली की मग थ्रॉटल सोडतो आणि एलेव्हेटर अगदी थोडा देतो. शांत हवेतला तो लांबलचक, तरंगत टेकणारा शेवट विसरा. तो चालू असताना एखादा झोत विमानाला मीटरभर उचलतो आणि सोडून देतो. वेग किती जास्त ठेवायचा, तर मोठ्या विमानांचे वैमानिक झोत आणि सरासरी वारा यांतल्या फरकाच्या निम्मा वेग वाढवतात, तो अंदाज आपल्यालाही लागू पडतो. स्टॉल २७ ला, नेहमीचं लँडिंग ३५ ने, झोतांचा फरक १० चा, तर ४० ने या. समोरून वारा असल्यामुळे जमिनीवर ते तरीही सावकाशच टेकेल. वारा धावपट्टीला आडवा असेल तर नाक वाऱ्याकडे ठेवून तसंच तिरकं या आणि टेकायच्या क्षणी रडरने नाक सरळ करा. मैदान मोठं असेल तर हा खटाटोप टाळून तिरपं, थेट वाऱ्यासमोर उतरा. पट्टीवरच उतरायची सक्ती कुणी केलेली नाही.

आता तुमचे मूळ प्रश्न. जायरो चांगली वस्तू आहे. झोताने पंख हलतो तो तुमच्याआधी सावरतो, त्यामुळे विमान रुळावर असल्यासारखं चालतं. पण जायरोला हवेतला वेग कळत नाही आणि विमान वाहून चाललंय तेही कळत नाही. तुमचं विमान दोन्ही वेळा जायरो असतानाही पडलं असतं. एलेव्हेटर ओढत गेलात तर तो स्टॉलपर्यंत पंख सरळ धरून ठेवतो, म्हणजे आधीचा इशाराही झाकला जातो. आठ काढणं आणि पाठवाऱ्याची वळणं दहा-बारा उड्डाणांत न चुकता जमली की मग बसवा, आणि आपोआप सपाट होणारा मोड सोडून नुसते हेलकावे दाबणारा मोड वापरा.

जड विमान वाऱ्यात खरोखर बरं चालतं. पंखावर भार जास्त असला की झोत कमी हलवतो, आणि वेग जास्त असल्यामुळे त्याच वाऱ्याचा वाटा कमी होतो. पण त्याचा स्टॉलही वरच्या वेगाला असतो आणि चूक सुधारायला मिळणारा वेळ कमी. आत्ताच्या सवयीने ते आणखी जोरात पडेल. या ट्रेनरमध्ये थोडी मोठी बॅटरी बसत असेल आणि गुरुत्वमध्य जागेवर राहत असेल तर तेवढं वजन सध्या पुष्कळ झालं. पुढचं विमान घ्याल तेव्हा तेही एलेरॉनचंच, पण कमी वर उचललेल्या पंखांचं घ्या. पंखांची टोकं जितकी वर उचललेली, तितका आडवा झोत विमानाला जास्त कलंडवतो.

सिम्युलेटर असेल तर त्यात आजच वारा १५ आणि झोत चालू करा. बहुतेक लोक तो वारा शून्यावर ठेवूनच वर्षभर खेळतात.

आणि उतरल्यावर विमान तसंच सोडून गप्पा मारत बसू नका. नाक वाऱ्याकडे करा, थ्रॉटल लॉक करा, चालत जाऊन पंख हाताने धरा, बॅटरी काढा आणि आडोशाला पालथं ठेवा. राइट बंधूंनी त्या दिवशी चार उड्डाणं केली, शेवटचं ५९ सेकंदांचं. त्यानंतर विमान जमिनीवर उभं असताना एका झोताने ते उलटून पालटून मोडलं.